ठोक्याला बोलणारी मुलगी

प्रिय वळवळे,

सर्वप्रथम तक्रार. ती अत्यंत गंभीर असल्यामुळे क्षेमकुशल विचारण्याआधीच नोंदवतो आहे. गेल्या आठवड्यात मी तुला फोनवर, एका बोटाने टाइप करत, चष्मा कपाळावर आणि नाक काचेवर अशा आसनात, जवळजवळ एक अख्खा परिच्छेद पाठवला. त्यात तुझ्या आईच्या गुडघ्याची हकीकत होती, आमच्या शाळेत संस्कृत घेणारी मुलं आता एका बाकावर मावतात ही शोकवार्ता होती आणि शेवटी एक विनोद होता, जो मला स्वतःला बरा वाटला होता. त्यावर तुझ्याकडून उत्तर आलं ते एक पिवळा अंगठा. अगं, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला अंगठ्यावरून सहीवर आणायला किती मास्तरांची हाडं झिजली असतील, आणि तू इतकी शिकून सवरून पुन्हा अंगठ्यावर? बरं, तो अंगठा विनोदाला होता की गुडघ्याला, हेही कळायला मार्ग नाही. तुझ्या आईचं मत पडलं की गुडघ्याला असणार, कारण विनोद तिलाही वाचून दाखवला होता आणि तिने नुसतं "हं" केलं होतं. असो. म्हणून हे पत्र कागदावर लिहितो आहे. याला अंगठा लावायचा असेल तर आधी शाई शोधावी लागेल, तेवढ्या वेळात निदान वाचून होईल.

आता बातम्या. ताईने फोनचा संपूर्ण ताबा घेतला आहे. तुला ती आई, मला ताई आणि निवृत्त होईपर्यंत अख्ख्या इस्पितळाला सिस्टर. त्या तिन्ही पदांवरचा तिचा कारभार एकसारखाच आहे. सकाळी शाळेत जाण्याआधी मी तिच्याकडे चहाला डोकावतो, तेव्हा ती चष्मा पुसून फोनवर तुझं ते मोर्चाचं पान उघडून बसलेली असते. तुझे बाबा वर्तमानपत्र उघडायचे तसंच, आणि त्यांच्यासारखंच मोठ्याने वाचते, ऐकणारा आहे की नाही याची फिकीर न करता. वाचून झालं की लाल बदाम द्यायची. सगळ्याला द्यायची. मागे तू लिहिलं होतंस की चौघांना लाठ्या लागल्या आणि एकाचं डोकं फुटलं, त्यालाही बदाम. त्यावर तू चिडून फोन केलास, की आई, लोक काय म्हणतील, तू लाठीमारावर खूष झालीस असं दिसतं. ताईने शांतपणे सांगितलं की तू लिहिलंस म्हणून मी बदाम दिला, काय लिहिलंस ते तुझं तू बघ. यापुढे तर्कशास्त्र हात टेकतं. मी वाद मिटवायला मध्ये पडलो तर दोन्हीकडून बोलणी खाल्ली, जी मामा या पदाला जन्मसिद्ध आहेत.

तुझ्या कामाबद्दल मी तुला आजवर नीट काही बोललो नाही. थट्टा केली, की पाळण्यात पडल्यापडल्या तुझी जी वळवळ चालायची आणि जिच्यावरून तुझ्या बाबांनी तुझं हे नाव पाडलं, तिचीच आता चळवळ झाली. इतक्या वर्षांत एका अक्षराची प्रगती. पण ती चित्रफीत मी पाहिली आहे. इस्पितळात फरशी पुसणाऱ्या त्या बाई, बस बंद झाल्यापासून कामाची पाळी संपल्यावर मोठ्या रस्त्याच्या कडेकडेने घरी चालत जातात, आणि तू एक अक्षर न बोलता त्यांच्या मागून चालते आहेस. नुसती त्यांची पाठ, हातातली पिशवी आणि झिजलेल्या चपला. मधेच एक ट्रक जातो तेव्हा त्या कडेला सरतात आणि मागे वळून तुला पण सरायची खूण करतात. मग एक दार येतं, उघडतं, आणि संपतं. आमच्याकडे एक वीचितरंगन्याय म्हणून आहे. पाण्यात दगड पडला की एका लाटेने दुसरी उठते, दुसरीने तिसरी. काठाला लागतं ते पाणी दगड पडला तिथलं नसतंच, पण धक्का तोच असतो. शब्द कानापर्यंत कसा पोचतो हे सांगायला जुन्या मंडळींनी हा दाखला शोधला. मी तो उभा जन्म शिकवला, पण डोळ्यांनी पाहिला तो तुझ्यामुळे. आमच्या शिक्षकांच्या खोलीत भूगोलाच्या बाईंनी मला तीच चित्रफीत दाखवली, सर, हे बघाच म्हणून. त्यांना ती नणंदेने पाठवली होती, नणंदेला आणखी कुणी. तू माझी भाची आहेस हे बाईंना ठाऊक नव्हतं. मी अत्यंत निर्विकार चेहऱ्याने पाहिली आणि म्हणालो, मुलगी कुणाची आहे कोण जाणे, पण हात स्थिर आहे. मग वर्गात जाऊन विनाकारण सगळ्यांना लवकर सोडलं.

तेव्हा "आमच्या वेळी" हे प्रवचन मी तुला देणार नाही. आमच्या वेळी माणसं कमी आणि खळ जास्त असायची. बसचं भाडं वाढलं म्हणून आम्ही उठलो होतो. तुम्ही बसच बंद झाली म्हणून उठला आहात. यालाच प्रगती म्हणत असावेत. एक सभा भरवायची तर आम्ही आठवडेच्या आठवडे पत्रकं काढत बसायचो. त्या यंत्राची शाई नखांत अशी बसायची की माझ्या पाठांतराच्या परीक्षेत गुरुजींनी आधी हात धुवायला पाठवलं होतं. पोस्टरं चिकटवायला बादलीभर खळ घेऊन निघायचं, आणि एकदा तर एका अख्ख्या गल्लीत आम्ही ती उलटी लावली. लोक मान वाकडी करून वाचत होते आणि आम्हाला वाटलं, किती मन लावून वाचताहेत. एवढं करून सभागृह भरायचं अर्धं, त्यातले निम्मे आमचेच नातेवाईक. तुम्ही एका संध्याकाळी हाक देता आणि दुसऱ्या दिवशी चौकात पाय ठेवायला जागा नसते. शिवाय आमच्या सभेत बोलायला कोण उभं राहायचं? वकील, प्राध्यापक आणि एखादा कवी, ज्याला खाली बसवणं हे स्वतंत्र आंदोलन असायचं. फरशी पुसणाऱ्या बाईंची पाठ कुणी कधी पाहिली नव्हती. त्या रोज त्याच रस्त्याने जात असणार, आणि आम्ही त्यांच्याच नावाने घोषणा देत असणार. हे तुमच्यामुळे झालं. मी ते मान्य करतो, आणि माझ्यासारख्या माणसाने काही मान्य करणं हा प्रसंग दुर्मीळ असल्यामुळे तारीख टाकून ठेव.

एक गोष्ट मात्र आमच्याकडे होती, ती तुला कधी सांगितलेली नाही. आमच्या मोर्चांचं सगळं बघायचा तो बसच्या डेपोतला फोरमन. आम्ही सगळे त्याला काका म्हणायचो. भाषण त्याला येत नसे. माइक हातात दिला तर तो उलटापालटा करून कुठे बिघडलाय ते बघायचा. पण त्याचा एक नियम होता आणि त्यात सूट नव्हती. मोर्चाला यायचं तर जोडीने. सकाळी जोड्या ठरायच्या आणि दिवसभर जोडीदार नजरेआड होऊ द्यायचा नाही. मोर्चा संपला की आधी त्याला किंवा तिला घरपोच करायचं. कोपऱ्यापर्यंत नाही, जिन्यापर्यंत नाही, दारापर्यंत. आतून कुणीतरी दार उघडलं पाहिजे आणि उघडणाऱ्याने काहीतरी बोललं पाहिजे, मग ती शिवी का असेना. मग आपण घरी. जोडीतला जो पोचवायचा, त्याने परत डेपोसमोरच्या चहावाल्याकडे येऊन काकाला सांगायचं. सगळ्या जोड्या पोचल्याचं कळेपर्यंत काका बाकावरून उठत नसे. घरी त्याची बायको वाट बघून कंटाळायची, पण तो म्हणायचा, गाडी डेपोत लागल्याशिवाय ड्यूटी संपत नाही.

आणखी एक पोटनियम होता. एका घरातली दोन माणसं एका जोडीत घालायची नाहीत. मी आणि ताई एकत्र जायला मागत होतो तेव्हा काकाने साफ नाही म्हटलं. दोघं एकदम हरवलात तर विचारायला येणार कोण, असं त्याचं म्हणणं. म्हणून ताईच्या वाट्याला आला छापखान्यातला एक जुळारी, खिळे जुळवून जुळवून पाठीला बाक आलेला, जो वाक्य बोलतानाही एकेक अक्षर वेचून ठेवल्यासारखा बोलायचा. प्रत्येक मोर्चानंतर तो तिला दारापर्यंत आणायचा, आमचे वडील दार उघडायचे आणि नियमाप्रमाणे काहीतरी बोलायचे, जे पत्रात लिहिण्यासारखं नाही. असं होता होता एके दिवशी पोचवायला आलेला माणूस परत जायचाच विसरला. तोच पुढे तुझा बाबा झाला. भाडेवाढ काही मागे घेतली गेली नाही, पण आंदोलन अगदीच फुकट गेलं असं मी म्हणणार नाही.

माझा जोडीदार होता केस कापणारा एक गडी. त्याची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालायची. त्याच्यासोबत दिवसभर चालणं ही मला काकाने दिलेली शिक्षाच आहे, असं मला वाटायचं. एकदा धावपळ झाली, लाठ्या पडल्या, लोक वाट फुटेल तिकडे गेले, आणि धूळ खाली बसल्यावर माझ्या कानाशी शांतता होती. त्या शांततेमुळेच मला कळलं की गडी गेला. नियम नसता तर मी समजलो असतो की गेला असेल घरी. पण त्याचं दार उघडल्याशिवाय मला माझं उघडता येत नव्हतं, म्हणून शोधत फिरलो. सापडला ताईच्याच इस्पितळात, व्हरांड्यात, जमिनीवर, गळपट्टीचं हाड मोडलेलं. गर्दीत त्याच्याकडे कुणी पाहिलंच नव्हतं. मला बघून पहिलं वाक्य काय बोलावं त्याने? "मास्तर, कल्ले वाढलेत तुमचे." तो अजून आहे. माझे उरलेले केस तोच कापतो आणि पैसे मात्र पूर्ण घेतो.

आता गेल्या रविवारकडे येतो, तुमच्या मोर्चाच्या. तू आदल्या दिवशी ताईला फोन करून सांगितलंस की चौकात फोन लागणार नाही, तिथलं नेट बंद करतात, पण काळजी करू नको, माझं पान बघत राहा. मी ताईकडेच जेवायला होतो. सकाळी पानावर आलं, "निघालो आहोत." बदाम. मग आलं, "चौक भरतोय, या." बदाम. आम्ही जेवायला बसलो तेव्हा आलं, "आम्ही इथेच आहोत आणि हलणार नाही." ताईने ते दोनदा वाचलं आणि फोनला म्हणाली, बाई, हलू नको पण मधे मधे बस तरी. मग तिने पुन्हा वाढून घेतलं, जे ती तुझे बाबा गेल्यापासून क्वचित करते. मी एक झोप काढली. चांगली गाढ लागली. उन्हं उतरताना आलं, "घरी जाताना कुणी एकटं जाऊ नका. पाणी प्या." ताईने बदाम दिला आणि मग फोन मांडीवर उपडा ठेवला. मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, काही नाही, पण माझी मुलगी जन्मात कधी वेळेवर आलेली नाही. जन्मालासुद्धा उशिरा आली. आज सगळं तासाच्या ठोक्याला कसं काय येतंय?

मी हसलो. म्हणालो, ताई, आंदोलनाने माणसाला शिस्त लागते. आणि वर एक सुभाषितवजा काहीतरी जोडलं, तिथल्या तिथे स्वतः रचून. मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहितो आहे की डोंगरावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो. मुलं घोकतात, मी मार्क देतो. चौकात नेट बंद आहे, मग हा मजकूर येतो कुठून, एवढा साधा प्रश्न त्या दिवशी माझ्यासारख्या तर्कपंडिताच्या डोक्यात आला नाही. धूर दिसत होता ना.

सोमवारी संध्याकाळी तुझा फोन आला, आणि तू हसत हसत सांगितलंस. मोर्चाला निघाली होतीस, तुझ्याच गल्लीच्या तोंडाशी एक पोलीस बाई थांबलेल्या. त्यांच्या हातात फोन, फोनमध्ये तुझाच फोटो. तूच का ती, एवढंच विचारलं त्यांनी, आणि गाडीत बसवलं. आमच्या पोस्टरवर मुठी असायच्या गं, चेहरा कुणाचाच नसायचा. शोधणाऱ्याला अख्खं गाव शोधावं लागायचं. तुमचं पोस्टर म्हणजे तूच, पान उघडलं की आधी तुझा फोटो. ज्यांनी ज्यांनी तुला पाहिलं, त्यांनी तुला ओळखायला शिकवलं, त्यात भूगोलाच्या बाई आल्या आणि मीही आलो. तुझा फोन त्यांनी बंद करून कपाटात ठेवला. तू दिवसभर बाकावर बसून होतीस. आणि तिकडे, आदल्या दिवशी तू आणि तुझ्या त्या चष्मेवाल्या मित्राने, चौकात नेट नसेल म्हणून घरी बसून लिहून ठेवलेला मजकूर, गजर लावावा तसा वेळ लावून ठेवलेला, तासातासाला जगात जात होता. तुझे सोबती चौकात एकमेकांना सांगत होते की ती पलीकडच्या टोकाला असेल. ज्यांचा फोन अधूनमधून लागत होता, ते तुझं पान बघून निश्चिंत होते. चष्मेवाल्याला वाटलं, ती सापडत नाही म्हणजे कामात आहे. तुझ्या खोलीतली मैत्रीण आईवडिलांकडे गेलेली. अख्ख्या शहरात तू कुठे आहेस हे ठाऊक असलेलं माणूस एकच होतं, त्या पोलीस बाई. त्याही तुझं पान बघत होत्या, आणि दुपारी त्यांनी तुला फोन दाखवून विचारलं, "तुम्ही इथे बसलाय, मग तिकडे बोलतंय कोण?" हे सांगताना तुला इतकं हसू येत होतं की वाक्य पुरं होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनीच तुला सोडताना सांगितलं ना, सरळ घरी जा आणि पोचलीस की कुणाला तरी कळव? तुमच्या त्या हजारोंच्या मोर्चात काकाचा नियम पाळणाऱ्या त्या एकट्याच निघाल्या.

मीही हसलो तेव्हा फोनवर. म्हटलं, भाचीबाई, अभिनंदन, तुमची वाणी आता अपौरुषेय झाली. आमच्यात मीमांसक नावाची मंडळी होती, ज्यांचं म्हणणं असं की वेदाचे शब्द कुणी बोललेलेच नाहीत, ते बोलणाऱ्यावाचून आहेत आणि म्हणूनच त्यांत चूक नाही. मी त्यांची बाजू वर्गात नेहमी जोरात मांडतो, कारण समोरच्या बाकाला वाद घालता येत नाही. आपण दोघं त्या शब्दावर बराच वेळ हसलो. शेवटी तू म्हणालीस, आईला सांगू नकोस हं मामा. मी म्हणालो, छे. फोन ठेवला आणि ताट वाढून घेतलं. मग ते न जेवताच झाकून ठेवलं आणि दिवा न लावता बसून राहिलो.

ताईला मी सांगितलेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिने मला सरळ विचारलं, "रविवारी ती कुठे होती?" मी म्हणालो, चौकात. तिने माझ्याकडे पाहिलं, तुला ती नजर माहीत आहे. औषध घेतलं म्हणणाऱ्या आणि गोळी उशीखाली लपवणाऱ्या रोग्याकडे ती असंच बघायची. मग कप विसळता विसळता, पाठमोरीच, तिने वॉर्डातली एक गोष्ट सांगितली. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला कागद देते, त्यावर सगळं लिहिलेलं असतं, ताप किती, झोप लागली का. पण नुसता कागद घेऊन खुर्चीत बसायचं नाही. दोघींनी मिळून प्रत्येक पलंगापाशी जायचं आणि हात लावून बघायचं. एकदा एका नव्या मुलीने कागद वाचून ठेवून दिला. कागदावर एका म्हातारीपुढे "शांत झोप" लिहिलं होतं. ताई एवढंच म्हणाली की शांत होतीच. मग तिने कप पालथा ठेवला. तेव्हापासून ती तुझं पान वाचते, पण बदाम देत नाही. तू आईवर रागावली होतीस ना बदामांवरून? आता एकही येत नाही, हे तुझ्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. हजारोंत एक बदाम कमी.

येत्या रविवारी पुन्हा मोर्चा आहे हे तुझ्या पानावरूनच कळलं. आणि काल ताईच्या खाटेखालून तिची जुनी बॅग बाहेर आलेली दिसली. गुडघ्याला पट्टा, पायात शाळकरी पोरांचे असतात तसले बूट. मी विचारलं, कुठे? तर म्हणे, तिला जोडी नाही. मी पोटनियम काढला, एका घरातली दोघं चालत नाहीत. तिला तो आठवत होता. नाइलाजाने बॅग आत गेली, पण तिची चेन लावलेली नाही. मी तिला कबूल केलं आहे की तुझ्यासाठी जोडीदार मी बघतो. म्हणून हे पत्र. मोर्चाला जाऊ नकोस असं मी लिहिणार नाही. तसं लिहिलं तर तुझे बाबा स्वप्नात येऊन एकेक अक्षर वेचून मला बोलतील. वेळ लावलेले निरोपही पाठव, नेट बंद करणारे लोक असतील तर दुसरं काय करणार. पण जोडीने जा. खोलीतली मैत्रीण नको, ती एका घरातली. मला राहून राहून त्या फरशी पुसणाऱ्या बाई डोळ्यांसमोर येतात. तू एकदा त्यांच्या मागून चालत त्यांना दारापर्यंत पोचवलंच आहेस, आणि ट्रक आला तेव्हा त्यांनी मागे वळून तुला पाहिलंच आहे. काकाच्या नियमाने तुमची जोडी तेव्हाच लागली. या खेपेला बरोबरीने चाल आणि त्यांना सांग की तुला सोडायला तुझ्या दारापर्यंत यावं लागेल. आत मैत्रीण असेल तर ती दार उघडेल. नसेल तर बाईंनी तुझ्या फोनवरून ताईला फोन लावावा आणि तुझ्या हातात द्यावा. मग दार उघडल्याचं मी धरून चालेन. काहीही बोल. उशीर झाला, पाय दुखले, मामा म्हातारा झाला, काहीही. ताई ऐकेल. आणि गेल्या रविवारचं तिला तूच सांग, माझ्याकडून खोटं नीट बोललं जात नाही.

आता खरं ते लिहितो आणि थांबतो. मला वाटत होतं की मला पोलिसांची भीती वाटते, लाठीची वाटते, आणि ती वाटतेच. पण सोमवारी रात्री जेवण का गेलं नाही याचा मी बराच विचार केला आहे. तू बंद खोलीत बाकावर होतीस आणि तुझेच शब्द आम्हाला सांगत होते की सगळं ठीक आहे. मी ते ऐकलं, पोटभर जेवलो आणि झोपलो. मी शब्दांवर पोट भरणारा माणूस आहे आणि शब्द अमर असतात असं पोरांना शिकवतो. आता मला त्याचीच भीती वाटते, की एखाद्या दिवशी तू नसशील, आणि तरी तासाच्या ठोक्याला तू येत राहशील, आणि तुझी आई आणि मी ते वाचून निवांत बसलेले असू. बाकी काही नाही. एवढंच.

तुझाच, दार उघडं ठेवून बसलेला,
मामा